सातबाऱ्यावर वारलेले आजोबा, म्हणून घराची विक्री अडली: माझा अनुभव

गुहागरकडचं आमचं जुनं कौलारू घर विकायला काढलं. जागा बिनशेती, गिऱ्हाईक पक्कं. पण त्याच्या बँकेने कर्ज अडवलं, कारण सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. घरपट्टीच्या पावत्या दाखवल्या, नोटरीचं संमतीपत्र दिलं. काही चाललं नाही. घरपट्टी हा मालकीचा पुरावा नव्हेच. फार मनस्ताप झाला.

सुटलं ते असं. आधी आजोबांचा आणि बाबांचा मृत्यूदाखला काढला. मग सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते लिहून प्रतिज्ञापत्र केलं. त्यात आत्यांची नावं हवीतच. लग्न होऊन मुंबईला गेल्या म्हणून त्यांचा हक्क जात नाही, आणि जाऊही नये. हे सगळं महसूल विभागाच्या ‘ई-हक्क’ या ऑनलाइन पोर्टलवर वारस नोंदीसाठी भरलं. तलाठ्यांनी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नोंद घेतली, मग फेरफार (हक्कबदलाची नोंद), सर्वांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, शेवटी मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. नवा सातबारा हाती आल्यावर ग्रामपंचायतीत नमुना ८ वरची, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतली, नावं बदलून घेतली.

आत्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं. त्याचाही फेरफार मंजूर झाल्यावरच दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत केलं. गिऱ्हाइकाकडून बयाणा घ्यायच्या आधीच ताजा सातबारा काढून नावं वाचा.