झड लागण्याआधी शेतातल्या हवामान यंत्राची वेळ बघा

आभाळ भरून आलं, झड लागली की टोमॅटो-बटाट्यावर करप्याची टांगती तलवार. नेमकं त्याच दिवसांत सोलर पॅनेलला ऊन मिळत नाही, बॅटरी उतरते आणि यंत्र गप्प बसतं. मोबाइलवर मात्र आकडा दिसतच राहतो: आर्द्रता 72 टक्के. तो परवाचा असतो! त्या आकड्यावर विसंबून फवारणी लांबवलेले आणि काळे पडलेले प्लॉट दर हंगामात बघतो. आधी आकड्याखालची वेळ वाचा, मग आकडा.

उशिरा येणाऱ्या करप्याचा (लेट ब्लाइट) धोका हवामानावरून ओळखायचा हटन निकष असा: सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी किमान 6 तास आर्द्रता 90 टक्के किंवा वर. रात्रीचे चार तास नोंदच नसेल तर धोका असूनही इशारा चुकू शकतो.

जोडणीची कामं:
- डेटा सिम, एपीएन (सिमला इंटरनेटशी जोडणारी सेटिंग) बरोबर, मुदत हंगामभर
- नोंद दर 15 मिनिटांनी
- यंत्राचं घड्याळ तपासणे
- मूळ पासवर्ड बदलणे
- पॅनेल पुसणे

अँटेना मात्र पीक पूर्ण वाढल्यावरही वर राहील अशी लावा. ओल्या पानांच्या गर्दीत रेंज पडते, असा माझा अनुभव.

विक्रेता स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) गळ्यात मारेल. बहुतेकांना नको. मोबाइल सिमवर बाहेरून यंत्रापर्यंत सहसा पोचता येत नाही, पण यंत्रच सर्व्हरला हाक मारतं: एमक्यूटीटी (यंत्रांची छोटे संदेश पाठवायची पद्धत), पोर्ट (जोडणीचं दार) 8883, एन्क्रिप्शनसह (संदेश कुलूपबंद). घरून सेटिंग बदलायच्या असतील तर वायरगार्ड (यंत्रापर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग, व्हीपीएन), कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) दर 25 सेकंदांनी. त्यानं मॉडेम झोपत नाही, म्हणून लहान पॅनेलवर ते कायम चालू ठेवू नका. पोर्ट उघडा टाकून मूळ पासवर्ड ठेवणं तर नकोच. 2016 मध्ये मिराई व्हायरस अशाच उपकरणांत घुसला होता.

आणि अलार्म यंत्रात नको, सर्व्हरवर हवा. बंद पडलेलं यंत्र स्वतः काय कळवणार? तासभर नोंद आली नाही की मेसेज, 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी 12.2 खाली गेली की मेसेज. झड चालू असताना असा मेसेज आला तर छत्री घेऊन प्लॉटवर जा आणि पानाची खालची बाजू बघा.

ऊन आहे तोवर चाचणी घ्या: आधी पॅनेलची तार काढा, मग बॅटरीची. तासाभरात फोन वाजला नाही तर तुमचा अलार्म लागलेलाच नाही. परत जोडताना आधी बॅटरी.