अमेरिकेतली सत्तेची वाटणी पाठ न करता कशी समजून घ्यावी

नौपाड्यात माझ्या घरी अकरावी-बारावीची मुलं राज्यशास्त्र शिकायला येतात. गेल्या आठवड्यात एकीने वहीत लिहिलं, 'अविश्वास ठराव मंजूर झाला की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना राजीनामा द्यावा लागतो.' पोरगी हुशार आहे, पण तिने दिल्लीची पद्धत वॉशिंग्टनला लावली. बहुतेकांचं इथेच चुकतं.

जुन्या कॅलेंडरचं पान पालथं घालून तीन चौकोन काढा. मध्ये ऐसपैस जागा सोडा, ती पुढे लागणार आहे. पहिल्यात काँग्रेस, म्हणजे त्यांची दोन सभागृहांची संसद, लिहा: सिनेटचे १०० सदस्य, प्रतिनिधिगृहाचे ४३५. दुसऱ्यात राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे मंत्री. तिसऱ्यात सर्वोच्च न्यायालय आणि त्याखालची संघीय न्यायालयं. त्यांच्या राज्यघटनेची पहिली तीन कलमंही याच क्रमाने येतात.

आता माणसं बसवा. मी शेंगदाणे वापरते. एक दाणा एकाच चौकोनात, हा नियम. आपल्याकडे मंत्री संसदेतला लागतो, बाहेरचा घेतला तर सहा महिन्यांत त्याला खासदार व्हावं लागतं. तिकडे काँग्रेसमध्ये बसून मंत्रिपद सांभाळता येत नाही. हिलरी क्लिंटन २००९मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांनी सिनेटची जागा सोडली. उपराष्ट्राध्यक्षांचा दाणा मात्र रेषेवर ठेवा. ते सिनेटचे अध्यक्ष असतात, पण मत देतात ते समसमान मतं पडली तरच.

मग मोकळ्या जागेत बाण काढा. राष्ट्राध्यक्षांनी विधेयक नाकारलं, तरी दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं तर त्याचा कायदा होतो. न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, पण सिनेटच्या संमतीने. कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार न्यायालयाने १८०३च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात स्वतःकडे घेतला. अविश्वास ठरावाचा बाण काढायचाच नाही, कारण ती सोयच तिथे नाही. महाभियोग आहे: आरोप प्रतिनिधिगृह ठेवतं, खटला सिनेट चालवतं आणि दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मतं लागतात. आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाचं पद त्यात गेलेलं नाही.

शेवटी एक खरी घटना घेऊन बोट फिरवा. मी १९५२ची घेते. कोरियात युद्ध चालू होतं आणि पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढून पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. मालक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो हुकूम रद्द केला आणि कारखाने परत गेले.

त्याच मुलीचं बोट तिसऱ्या चौकोनावर थांबलं. म्हणाली, "बाई, पण काँग्रेसने आधी तसा कायदा केला असता तर?"

त्या खटल्याचं मर्म हेच होतं. ट्रुमन यांच्या हुकमामागे काँग्रेसचा कायदा नव्हता. मी काही सांगायच्या आत तिने पेन्सिल उचलून पहिल्या चौकोनातून दुसऱ्याकडे बाण काढला होता.