पुश बटन गाडी आहे? मग चावीच्या या चुका टाळा

नागपुरात बऱ्याच घरी एक गोष्ट सारखीच दिसते. दारातून आत शिरलं की बाजूच्या भिंतीवर लाकडी की-होल्डर, त्यावर स्कूटीची चावी, गेटच्या कुलपाची चावी आणि त्यातच गाडीची स्मार्ट चावी टांगलेली. भिंतीच्या पलीकडं पोर्चमध्ये गाडी. मनीष नगर घ्या, बेसा घ्या, त्रिमूर्ती नगर घ्या, हेच. किलेस एंट्रीवाल्या, म्हणजे चावी खिशातच ठेवून उघडणाऱ्या गाडीसाठी यापेक्षा वाईट जागा नाही, आणि लोकांना हे कोणी सांगतच नाही म्हणून एवढं लिहून राहिलोय.

आधी हे चालतं कसं ते बघा. तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी एक कमजोर सिग्नल सोडते, तो जेमतेम मीटर-दोन मीटर जातो. चावीनं तो ऐकला की ती रेडिओवर उत्तर देते, आणि हे उत्तर बरंच लांब पोचतं. चोर दोघं येतात. एक गाडीपाशी उभा, दुसरा तुमच्या दाराच्या भिंतीला अँटेना लावून. गाडीचा सिग्नल पहिला पकडतो, दुसरा तो वाढवून घरात सोडतो, चावीला वाटतं गाडी शेजारीच आहे आणि ती उत्तर देऊन मोकळी होते. दार उघडलं, बटन दाबलं, इंजिन सुरू. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही. कोड कितीही पक्का असला तरी उपयोग नाही कारण इथं कोड कोणी तोडतच नाही, फक्त इकडून तिकडं पोचवतात. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकमधल्या संशोधकांनी २०११ मध्येच ८ कंपन्यांच्या १० मॉडेलवर हे करून दाखवलं होतं.

"पण चावी लांब गेल्यावर गाडी बंद पडेल ना?" नाही पडत. चालत्या गाडीचं इंजिन मधेच बंद झालं तर अपघात होईल, म्हणून गाडी फक्त बीप देते, स्क्रीनवर मेसेज दाखवते आणि चालत राहते. मे महिन्यात रात्री कूलरच्या आवाजात गेट उघडल्याचं कळत नाही, आणि आपल्याकडून मनसर, देवलापार करत खवासा ओलांडलं की मध्य प्रदेश. सकाळी उठून पोर्च बघेपर्यंत गाडी दुसऱ्या राज्यात.

मग करायचं काय? चावी दारापासून लांब, आतल्या खोलीत ठेवा, आणि फॅराडे पाऊचमध्ये, म्हणजे धातूच्या अस्तराच्या, सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवा. पण पाऊच आणला आणि निश्चिंत झालो ही पुढची चूक. चावी पाऊचमध्ये टाका, पाऊच नीट बंद करा, गाडीच्या अगदी शेजारी जा आणि हँडल ओढा. उघडली तर तो पाऊच बिनकामाचा. आतलं अस्तर घडीवर घडी पडून फाटतं, त्यामुळं ही टेस्ट महिन्या-दोन महिन्यांनी परत करायची. स्टीलचा डबा वापरणार असाल तर त्याचीही अशीच टेस्ट करा, झाकण सैल असलं तर सिग्नल निसटतो. पोळ्यांच्या फॉइलवर तर विसंबूच नका, ती लगेच फाटते.

आणि दुसरी चावी? ती कपाटात उघडी पडलेली असते आणि पहिलीइतकीच जागी असते. तिलाही पाऊच पायजेच.

गाडीचं मॅन्युअल एकदा उघडा. काही गाड्यांमध्ये मेनूतून किलेस बंद करता येतं, काही चाव्या न हलता पडून राहिल्या की आपोआप झोपतात. टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट चाव्यांमध्ये लॉक बटन दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी बॅटरी सेव्हिंग मोडमध्ये जाते आणि उत्तर देणं थांबवते. पैसा लागत नाही, पाऊच लागत नाही.

मॉलच्या पार्किंगमध्ये किंवा लग्नाच्या लॉनबाहेर चालता चालता मागं हात करून रिमोट दाबायचा आणि निघून जायचं, ही सवयही सोडा. जवळ कोणी जॅमर, म्हणजे सिग्नल दाबणारं मशीन लावलं असेल तर गाडी लॉकच होत नाही. आरसे मिटले का, इंडिकेटर लागले का बघा, हँडल ओढून बघा (चावी खिशात असली तर काही गाड्या हँडल ओढल्यावर उघडतात, अशा वेळी सोबतच्या माणसाला चावी देऊन लांब उभं करा).

ओबीडी पोर्टकडं तर कोणाचंच लक्ष नसतं. स्टिअरिंगच्या खाली असतो तो. मेकॅनिक स्कॅनर लावतो तिथंच चोर आपलं मशीन लावून नवीन चावी प्रोग्राम करतात, बऱ्याच मॉडेलमध्ये काही मिनिटांचं काम. त्यावर लॉक मिळतो, लावून घ्या. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि मालकानं एकच चावी दिली असेल तर सर्व्हिस सेंटरला जाऊन किती चाव्या रजिस्टर आहेत ते बघायला सांगा आणि जुन्या चाव्या सिस्टीममधून काढून टाकायला लावा. गाडीचे पैसे देण्याआधी दोन्ही चाव्या मागा ना भाऊ, नंतर कोण देतं?

माझं स्पष्ट मत, स्टिअरिंग लॉक किंवा गिअर लॉक लावाच. सिग्नलच्या खेळानं लोखंड उघडत नाही, ते कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो. जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून चोर स्विचही (लपवलेला स्विच, तो बंद असला की गाडी सुरूच होत नाही) बसवता येतो, फक्त वॉरंटीतली गाडी असेल तर आधी कंपनीला विचारा, वायर कापल्या म्हणून क्लेम अडू शकतो. जीपीएस ट्रॅकर ठेवा, पण तो गाडी गेल्यानंतरच्या कामाचा, आणि जॅमरपुढं तोही गप्प होतो.

तरी गाडी गेलीच तर आधी ११२ ला फोन, लगेच पोलीस स्टेशनला एफआयआर आणि त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला कळवा. "उद्या बघू" केलं की उशिरावरून क्लेममध्ये वाद सुरू होतो. कंपनी दोन्ही ओरिजिनल चाव्या मागते, एक कमी असली की प्रश्नांवर प्रश्न, म्हणून चावी हरवली असेल तर तेव्हाच पोलिसात तक्रार देऊन त्याची प्रत पॉलिसीच्या फाइलमध्ये लावून ठेवा.