नोकरी गेल्यावर हप्त्यांची तयारी: कुणाचं आधी, कुणाचं नंतर

पत्र हातात पडलं त्याच दिवशी घरी सांगा. तयारी तिथूनच सुरू होते, बँकेचा नंबर नंतर. रबाळ्याच्या एमआयडीसीतली माझी अकरा वर्षांची नोकरी एका शुक्रवारी दुपारी संपली आणि मी घरी सांगायला सोमवार उजाडू दिला. मधल्या शनिवारी मुलीच्या क्लासची वर्षाची फी एकरकमी भरली गेली. ती भरायची हे आधीच ठरलेलं होतं आणि थांबवायचं कारण माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे त्या रकमेत आमचा दोन महिन्यांचा किराणा झाला असता. घरातल्यांना कळलं की खर्चाचा हात आपोआप आखडतो, आणि देण्यांचा हिशेब दोन डोक्यांनी होतो.

मग सगळी देणी एका जागी लिहून काढा. आमच्याकडे हाताशी दुधाची वही होती, त्यातच मागच्या पानापासून सुरुवात केली. कुणाचं देणं, मुद्दल किती उरलं, हप्ता किती, तारीख कोणती, व्याज किती टक्के. मी चार नावं लिहिली आणि पेन ठेवलं. बायको म्हणाली, “अहो, माझ्या मोबाईलचा हप्ता कुठे लिहिलात?” तो कार्डावर बिनव्याजी हप्त्यांत घेतला होता आणि माझ्या डोक्यातून पार गेला होता. तुमचंही असं काहीतरी सुटेल. म्हणून क्रेडिट रिपोर्ट काढून वहीशी ताडून पाहा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, त्यामुळे पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. सहकारी पतपेढीचं आणि नातेवाइकांचं देणं त्यात बहुधा दिसणार नाही, ते आठवून लिहायचं.

आता शेवटचा रकाना आखा: थकलं तर काय तुटेल. मला सांगायचं आहे ते या एका रकान्यात आहे. नोकरी गेली की आपण हप्त्यांचा क्रम फोनच्या आवाजावर ठरवतो. जो दिवसातून सहा वेळा फोन करतो त्याला आधी, जो गप्प बसतो त्याला नंतर. क्रम उलटा निघू शकतो, आणि माझा उलटाच निघाला.

कंपनीच्या पतपेढीचं माझं दोन लाखांचं कर्ज होतं, दोन जामीनदारांवर. थोडी रक्कम शेवटच्या हिशेबातून वळती झाली, बाकी राहिली. पतपेढीकडून एकही फोन आला नाही. क्रेडिट कार्डवाले मात्र रोज करत होते, म्हणून हाताशी होते ते पैसे मी तीन महिने कार्डात घातले. चौथ्या महिन्यात माझे एक जामीनदार कळव्याहून घरी आले. फिटर माणूस, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेली पगाराची स्लिप काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांच्या पगारातून माझा हप्ता कापला गेला होता. “तुला बोलायला नाही आलो रे, फक्त तुला माहीत आहे का ते विचारायला आलो,” एवढंच म्हणाले. ती स्लिप मी विसरू शकत नाही.

महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात, १९६० च्या, कलम ४९ प्रमाणे सभासदाच्या पगारातून कपातीची सोय आहे आणि कलम १०१ खाली संस्थेला निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. त्याला दिवाणी दाव्याइतकी वर्षं लागत नाहीत. करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरली आहे. म्हणून पतपेढीचं कर्ज असेल तर पहिल्याच आठवड्यात सचिवांना भेटा, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागण्याचा अर्ज द्या, आणि जामीनदारांना स्वतः जाऊन सांगा. त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

तर क्रम असा लावा. भाडं किंवा सोसायटीचा मेंटेनन्स, लाईट बिल, औषधं, शाळा आणि कामाच्या शोधात फिरण्यापुरता लोकलचा पास, हे सगळ्यांच्या वर. घराचं किंवा सोन्यावरचं कर्ज असेल तर ते त्यानंतर, कारण तिथे वस्तू जाते. मग जामीनदार असलेलं कर्ज. बिनतारणी पर्सनल लोन, कार्ड आणि अॅपवरची कर्जं त्यांच्याखाली. खाली म्हणजे बुडवायची नाहीत. त्यांच्यामागे घर जप्त करून विकण्याचा थेट अधिकार नाही, त्यांना आधी कोर्टात किंवा लवादाकडे जावं लागतं, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे बोलण्यासाठी असतो.

येणारे पैसे कोणते, तेही त्याच वहीत. राजीनाम्यावर सही करण्याआधी थांबा. ‘राजीनामा दिलात तर अनुभवाचा दाखला चांगला देऊ’ असं सांगितलं जातं. पण तुम्ही कायद्याच्या व्याख्येत कामगार असाल आणि कंपनीने नोकरकपात केली असेल, तर दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई मिळते, आणि ती राजीनाम्याच्या सहीबरोबर जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. हिशेब सोपा आहे: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. मूळ वेतन १८,००० आणि सेवा अकरा वर्षं धरली तर सुमारे १ लाख १४ हजार होतात. कंपनीने दिलेला आकडा या हिशेबाशी ताडून बघा.

हे पैसे कोणत्या खात्यात येणार तेही बघून ठेवा. पगाराचं खातं आणि पर्सनल लोन एकाच बँकेत असेल तर थकलेल्या हप्त्यापोटी बँक त्या खात्यातली रक्कम वळती करू शकते. जिचं काही देणं नाही अशा बँकेतलं खातं कंपनीला लेखी कळवा.

पीएफबद्दल माझं मत पक्कं आहे. नोकरी सुटल्यावर त्यातले ७५ टक्के काढता येतात. उरलेल्या पैशांसाठी थांबायची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने घेतला. पाच वर्षांच्या आत काढले तर त्यावर कर लागू शकतो. पण त्याहून मोठी गोष्ट ही की पीएफला कायद्याने जप्तीपासून संरक्षण दिलेलं आहे. कोर्टातून हुकूमनामा आणला तरी घेणेकऱ्याला त्याला हात लावता येत नाही. जे घेणेकऱ्याला नेता येत नाही ते आपण घाबरून स्वतःच्या हाताने काढून त्याच्या हातात देतो. घरखर्चाला लागेल तेवढंच काढा. कार्ड एका फटक्यात मिटवायला काढू नका. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम नंबरावर, टाकली आहे ना, एवढं मात्र लगेच तपासा. त्या तारखेपायी वागळे इस्टेटच्या पीएफ ऑफिसला खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

पगार महिना २१,००० पर्यंत होता आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापलं जात होतं, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी ईएसआयसीच्या शाखेत करा. बेकारीच्या काळात नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मा भत्ता, आयुष्यात एकदा. आणि पर्सनल लोन घेताना त्याबरोबर गळ्यात मारलेली विम्याची पॉलिसी शोधून काढा. काही पॉलिसींत नोकरी गेल्यास दोन-तीन हप्ते भरण्याची तरतूद असते आणि दावा करायला मुदत असते. कंपनीचा मेडिक्लेम संपतो, तो त्याच विमा कंपनीत वैयक्तिक करून घेता येतो, पण मागावं आपणच लागतं.

पुढचा हप्ता कापला जाण्याआधी बँकेला ईमेल करा. लांबलचक नको. नोकरी अमुक तारखेला गेली, पत्र सोबत जोडलं आहे, सध्या महिना इतकेच भरू शकतो, हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या किंवा तीन महिने सवलत द्या. जमेल तेवढाच आकडा लिहा. भीतीपोटी मोठा लिहिला आणि दुसऱ्याच महिन्यात मोडला की पुढे कुणी ऐकत नाही. बँक नाही म्हणू शकते. कोविडच्या वेळी, मार्च ते ऑगस्ट २०२०, जी सवलत होती ती त्या काळापुरती होती. तरीही लेखी विनंतीची तारीख तुमच्या बाजूने उभी राहते. खात्यात पैसे नसताना ऑटो डेबिट परतलं तर तुमची बँकही दंड लावते आणि कर्ज देणाराही. शिवाय चेक परतला तर चेकच्या कायद्याचं कलम १३८ आणि ऑटो डेबिट परतलं तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ लागू शकतं. कर्ज न फेडता येणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. पण या दोन कलमांखालची नोटीस आली तर पैसे भरायला पंधरा दिवस असतात, ती नोटीस न फोडता कपाटावर टाकू नका.

कार्डाचं गणित एकदा कागदावर मांडा. ८०,००० थकबाकी आणि महिना साडेतीन टक्के व्याज म्हटलं की २,८०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०४, म्हणजे मुद्दलातला एक रुपया कमी न होता ३,३०४ गेले. वर्षाला चौदा टक्क्यांच्या पर्सनल लोनवर तेवढ्याच रकमेचं महिन्याचं व्याज साधारण ९३३ होतं. म्हणून कार्ड वापरणं त्याच दिवशी बंद करा आणि थकबाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून मागा. नवं अॅप डाऊनलोड करून जुनं फेडायला जाऊ नका, आईच्या पाटल्यांवरही नाही. बिनतारणी कर्ज फेडायला सोनं गहाण टाकलं की ते कर्ज बिनतारणी राहत नाही.

फोन येणारच. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास, काहीच चालत नाही. आमच्याकडे रात्री नऊला डोंबिवलीच्या मेहुणीला फोन गेला होता. ती घाबरली आणि मी शरमलो. दुसऱ्या दिवसापासून बायकोने दुधाच्या वहीतच तारीख, वेळ, नंबर आणि बोललेले शब्द लिहायला घेतले. अकरा नोंदी झाल्यावर ते पान फोटो काढून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं, आणि मेहुणीचे फोन थांबले. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी नंबर १४४४८. पतपेढीची तक्रार मात्र सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे. दारात माणूस आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, रोख एक रुपयाही देऊ नका. फोनमधले फोटो आणि नंबर उचलून बदनामीची धमकी देणारं अॅप असेल तर १९३० वर कळवा. ‘कर्जमाफी करून देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेच डिसेंबर २०२३ मध्ये सावध केलं होतं.

सेटलमेंटची ऑफर आली तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही बाकी नाही’ हे शब्द येईपर्यंत थांबा. रिपोर्टवर ‘क्लोज्ड’च्या जागी ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढे घराचं कर्ज मागताना ते आडवं येतं. ज्याला वर्षभरात काम मिळण्याची आशा आहे त्याने मुदत वाढवून घ्यावी, असं मला वाटतं. उत्पन्नाची खरोखरच वाट दिसत नसेल तर सेटलमेंट करण्यात लाज नाही. कोर्टाचं समन्स आलं तर कोर्ट नाक्याजवळच्या ठाणे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. कर्ज बाईच्या नावावर असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीच्या नोटिशीला घाबरू नका, तिथे जा. तिथे तडजोड तुमच्या सहीशिवाय होत नाही.

कर्ज फिटलं की नो ड्यूज दाखला घ्या आणि महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. चूक दिसली आणि तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. पतपेढीच्या दाखल्यावर जामीनदार मोकळे झाल्याचंही लिहून घ्या. मी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक फाइलला लावली आणि दुसरी त्या रविवारी कळव्याला नेऊन दिली.