टवका उडालेला मग रंगवताना

इंटरमिजिएटला स्थिरचित्रात चांगले मार्क पडले, की आपल्याला वस्तू काढता येतात असं वाटायला लागतं. मलाही वाटायचं. मग कळव्याच्या वन रूम किचनमध्ये तैलरंग उघडले आणि पहिल्याच चित्रात तोंडघशी पडलो.

मांडणी साधीच: आजीचा वातीचा स्टोव्ह, पोचे आलेला पितळी तांब्या आणि टवका उडालेला इनॅमलचा मग. स्टोव्ह गंजलेला म्हणून त्याला सगळीकडे बर्न्ट सायना हा तांबूस तपकिरी रंग फासला. झाला मातीचा! पुसून डोळे किलकिले करून पाहिलं, तर गंज सगळीकडे नव्हताच. टाकीच्या बुडाशी दाट होता. वात वर-खाली करायची चावी मात्र बोटांनी घासून गुळगुळीत झालेली.

मगच्या टवक्यावर तर अख्खी संध्याकाळ घालवली. खरं तर काम तीन फटकाऱ्यांचं: मधोमध जवळजवळ काळा, भोवती नारिंगी रेघ आणि मुलाम्याच्या तुटक्या काठावर केसाएवढी पांढरी चमक. तो काळा ट्यूबमधला नको. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळा.

आमची खिडकी पश्चिमेची. चारला तांब्यापाशी असलेली सावली साडेपाचला स्टोव्हवर चढायची आणि मी तिच्यामागे धावायचो. आता खिडकीला चादर लावतो, बाजूने एकच दिवा.

पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरचा, फक्त उजेड-अंधारापुरता. पुढच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवायचं. उलट केलंत तर वरचा थर आधी सुकतो आणि नंतर तडकतो. अंबर लवकर सुकतो, टायटॅनियम पांढरा मात्र चिकट राहतो. पावसाळ्यात तर अंत पाहतो. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवून ठेवा.

जुन्या वस्तू भंगारवाल्याकडे वजनावर मिळतात. फक्त चित्र चालू आहे हे घरात सांगून ठेवा. माझं चित्र अर्ध्यावर असताना आईने तांब्या चिंच लावून लख्ख घासून ठेवला. वर म्हणाली, "किती कळकट झाला होता रे!" खाडीच्या हवेतही तो पुन्हा काळवंडायला दोन महिने लागले. तोवर मगच काढत बसलो.