रस्त्याचं धोरण फूटपाथपासून लिहायला घ्या

स्थानिक नियोजन धोरणात ‘रस्ते सुरक्षित, सुंदर आणि सर्वांना वापरता येतील असे असावेत’ एवढंच लिहिलं, तर जागेवर काहीच बदलत नाही. टेप धरून मोजता येईल असं वाक्य हवं. ‘फूटपाथ 3 मीटर’ हेही पुरेसं नाही, कारण त्यातच झाड, खांब आणि वीजपेटी येऊन बसते आणि माणसाला मीटरभरच उरतो. म्हणून आधी व्याख्या लिहा: मोकळी रुंदी म्हणजे जमिनीपासून 2.4 मीटर उंचीपर्यंत एकही अडथळा नसलेला सलग पट्टा. तो किमान 1.8 मीटर, वर्दळीच्या ठिकाणी 2 मीटर किंवा जास्त. 1.8 मीटरमध्ये दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात.

आडवा छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीची वाटणी, इमारतीच्या कडेपासून मधल्या रेषेकडे आखत या. गाड्यांना आधी जागा दिली की चालणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. 18 मीटर रुंदीचा रस्ता घ्या. इमारतीलगत 0.5 मीटर, कारण दारं तिथे उघडतात आणि माणसं तिथे थबकतात. मग 2 मीटर मोकळा पट्टा, आणि कडेला 1.5 मीटरचा साहित्य-पट्टा: झाडं, दिवे, बाक, चेंबर सगळं त्यात. दोन्ही बाजू मिळून 8 मीटर झाले. 3 मीटरच्या दोन मार्गिका म्हणजे 6. उरलेल्या 4 मीटरमध्ये दोन्हीकडे 2-2 मीटर पार्किंग किंवा सायकल मार्ग. दोन्हींपैकी काय, ते धोरणातच ठरवा. ठेकेदारावर सोडलं की तिथे पार्किंगच होतं.

साहित्य-पट्टा 1.5 मीटर का, हे समजून घ्या, कारण बहुतेक फूटपाथ इथेच फसतात. फाटकातून गाडी आत न्यायच्या रॅम्पचा उतार 1:12, म्हणजे 12 मीटर लांबीत 1 मीटर चढ, धरला तर 150 मिमी उंच फूटपाथच्या कडेला 1.8 मीटर लांबीचा उतार लागतो. तो पट्ट्यात मावत नाही, चालण्याच्या वाटेत शिरतो आणि प्रत्येक फाटकापाशी फूटपाथ तिरका होतो. कडेची उंची 100 मिमी ठेवली तर उतार 1.2 मीटरमध्ये संपतो, पट्ट्यातच बसतो. फूटपाथ सपाट राहतो आणि गाडीच वर चढून, वेग कमी करून आत जाते. ‘फाटकापाशी फूटपाथची पातळी व फरशी सलग राहील’ हे एक वाक्य धोरणात असलंच पाहिजे. फूटपाथच्या रुंदीतला आडवा उतार 1:50 पेक्षा जास्त नको. त्याहून तिरक्या वाटेवर व्हीलचेअर सतत रस्त्याच्या बाजूला ओढली जाते.

रस्ता ओलांडणाऱ्यांसाठीचा रॅम्प किमान 1.2 मीटर रुंद आणि थेट झेब्रा पट्ट्यांसमोर हवा. त्याच्या तळाशी 20 मिमीची पायरी उरली तरी व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडतात आणि माणूस पुढे कलंडतो. तिथली पातळी रस्त्याशी जुळलीच पाहिजे. रस्त्यावर डांबराचा नवा थर टाकताना आधी जुना खरवडायची अट घाला, नाहीतर रॅम्पपाशी पाणी तुंबतं.

चौकात कोपऱ्याची त्रिज्या लहान ठेवा, साधारण 3 ते 5 मीटर. कोपरा मोठा गोलाकार असला की गाड्या वेग न उतरवता वळतात. ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या (वेग × वेग) प्रमाणात वाढतं: ताशी 50 किमी वेगाला ते 30 किमीच्या जवळपास पावणेतीन पट. फलकाने वेग उतरत नाही, रचनेने उतरतो. ओलांडायच्या जागी फूटपाथ पार्किंगच्या पट्ट्यात पुढे काढला, तर आधी घेतलेल्या 18 मीटरच्या रस्त्यात 10 मीटरऐवजी 6 मीटरच ओलांडावे लागतात. सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या वृद्धाला साडेबारा सेकंदांऐवजी साडेसात पुरतात. सिग्नलची वेळ याच चालीवर काढा, धडधाकट माणसाच्या 1.2 मीटरवर नको. मध्ये थांबायचा दुभाजक किमान 2 मीटर खोल हवा, म्हणजे बाबागाडी आणि तिच्यामागचा माणूस दोघे मावतात.

स्पर्शाने कळणारी फरशी जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये शोधली. तिचा अर्थ सोपा आहे: लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल उठाव म्हणजे थांबा. ही फरशी सजावट म्हणून सगळीकडे बसवली की अर्थच नाहीसा होतो. रेघांची ओळ चेंबर टाळत नागमोडी नेणं हा तर थेट धोका. आधी चेंबर साहित्य-पट्ट्यात हलवा, मग ओळ सरळ आखा.

देखणेपण वेगळ्या खर्चाने येत नाही. सलग भरीव कुंपणभिंतीलगत रात्री चालायला भीती वाटते. म्हणून 1.2 मीटरच्या वर जाळीदार कुंपण आणि तळमजल्याच्या खिडक्या रस्त्याकडे, अशी अट बांधकाम परवानगीतच घाला. इमारतीच्या पायऱ्या आणि रॅम्प तिच्याच हद्दीत राहतील, हेही तिथेच लिहा. झाडं आणि दिव्यांचे खांब एकाच नकाशावर दाखवायला सांगा. वेगवेगळे नकाशे केले की पाचेक वर्षांत फांद्या दिवे झाकतात आणि फूटपाथ अंधारात जातो.

‘शक्यतो’ आणि ‘जागा असल्यास’ हे शब्द काढून टाका. अरुंद गल्लीत 1.8 मीटर खरंच बसत नसेल, तर अर्ध्या मीटरचा फूटपाथ करू नका. पूर्ण गल्ली एका पातळीवर घ्या, वेग चालण्याच्या जवळ आणा आणि अंध व्यक्तीला काठीने ओळखू येईल अशी कडा ठेवा.

शेवटचं बिल देण्याआधी व्हीलचेअरवरून पूर्ण लांबी फिरून तपासणी करा आणि प्रत्येक रॅम्पच्या पायथ्याशी बादलीभर पाणी ओता. पाणी साचलं तर काम परत करून घ्या. नंतर खोदाई करणाऱ्याकडून अनामत घ्या आणि तीच फरशी त्याच पातळीत बसल्याचं मोजल्यावरच ती परत करा.