टॉर्ट्सचं सप्लिमेंट घेण्याआधी

अमेरिकेतल्या लॉ स्कूलचं पहिलं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात एक साथ पसरते. शेजारच्याच्या बॅगेतून जाडजूड केसबुकसोबत (कोर्टाच्या निकालांचं पाठ्यपुस्तक) एक पातळ, चकचकीत पुस्तक बाहेर येतं. आपल्याकडे ते नाही, एवढ्यानेच पोटात गोळा येतो. त्या गोळ्यापायी मी टॉर्ट्सची, म्हणजे एकाने दुसऱ्याला केलेल्या इजेच्या किंवा नुकसानीच्या दिवाणी भरपाईच्या कायद्याची, तीन सप्लिमेंट्स (अशी पूरक पुस्तकं) घेतली. त्यातल्या एकावरचं प्लॅस्टिक डिसेंबरची परीक्षा झाल्यावर काढलं, तेही विकायला काढताना फोटो नीट यावा म्हणून. ही यादी त्या अनुभवातून झाली आहे. पुस्तक विकत घेणं हे काम तिच्यात बरंच खाली आहे, ते मुद्दामच.

सगळ्यात आधी सिलॅबस छापून घ्या आणि हातात पेन्सिल धरून वाचा. टॉर्ट्स काही ठिकाणी एका सेमिस्टरमध्ये उरकतात, तर काही ठिकाणी दोन सेमिस्टर चालवतात. एका सेमिस्टरच्या कोर्समध्ये बदनामी, प्रायव्हसी, नुइसन्स (शेजाऱ्याचा उपद्रव) हे भाग बहुधा गळतातच आणि प्रॉडक्ट्स लायबिलिटी (सदोष मालाची जबाबदारी) शेवटच्या दोन-तीन तासांत धावतपळत होते. सप्लिमेंट मात्र सगळं कव्हर करतं. म्हणजे निम्मं पुस्तक तुमच्या उपयोगाचंच नसू शकतं. बॅटरी (अंगावर हात टाकणं), असॉल्ट (तशी धास्ती घालणं), फॉल्स इम्प्रिझनमेंट (डांबून ठेवणं) या मुद्दाम केलेल्या कृत्यांना किती आठवडे आहेत आणि निग्लिजन्सला (निष्काळजीपणा) किती, ते मोजा. निग्लिजन्सचं पारडं जवळजवळ नेहमी जड निघतं. बार परीक्षेच्या (वकिलीच्या परवान्याची परीक्षा) एमबीई या बहुपर्यायी भागातसुद्धा टॉर्ट्सचे साधारण निम्मे प्रश्न त्यावरच असतात. तेव्हा पुस्तक पारखायचं ते निग्लिजन्सच्या प्रकरणांवरून. बॅटरीचं पहिलं प्रकरण कोणीही छान लिहितं.

मग आपल्याच प्रोफेसरांच्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधा. बऱ्याच लॉ लायब्रऱ्या त्या जपून ठेवतात. एवढ्यात प्रश्न सुटणार नाहीतच, फक्त घाट बघायचा. ओपन बुक आहे का? बहुपर्यायी प्रश्न आहेत का? शेवटी एखादा धोरणावरचा प्रश्न येतो का? आणि मुख्य म्हणजे ती लांबलचक गोष्ट. नमुना म्हणून हे बघा: एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी लावतोय, हातोडा निसटतो, खालून जाणारी सायकलवाली दचकून वळते, तिला वाचवायला ट्रकवाला स्टिअरिंग फिरवतो आणि अग्निशमनाच्या नळावर आदळतो, पाणी शेजारच्या तळघरात शिरतं आणि तिथे ठेवलेली एका चित्रकाराची चित्रं भिजतात. कोण कोणावर दावा लावू शकेल, सांगा. इथे निग्लिजन्सची ड्यूटी (काळजी घ्यायचं कर्तव्य), ब्रीच (ते मोडणं), कॉजेशन (त्यामुळेच नुकसान झालं का), प्रॉक्सिमेट कॉज (ते कारण पुरेसं जवळचं आहे का) आणि नुकसान ही पाच नावं पाठ असून भागत नाही. ती वर्गातल्या प्रत्येकाला पाठ असतात. चित्रकाराचा दावा नेमका कुठे अडकतो आणि का, हे लिहिणाऱ्याला मार्क मिळतात.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सप्लिमेंटच्या जातींपैकी कोणती हवी, हा प्रश्न बराचसा सुटतो. हॉर्नबुक म्हणजे विषयाचा सविस्तर ग्रंथ. अडलं की त्यातली चार पानं वाचावीत, सलग वाचायला बसू नये. तयार आउटलाइन म्हणजे नियमांचा सांगाडा. परीक्षेआधी आपली आउटलाइन पडताळायला बरी, पण ती आयती घेऊन स्वतःची न करणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचणं. केसबुकप्रमाणे लावलेले तयार ब्रीफ (केसचे सारांश) वर्गात प्रोफेसरांनी अचानक नाव पुकारलं तर लाज राखतात, त्यापलीकडे काही नाही. फ्लॅशकार्डांबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. ज्यांना चालतात त्यांना चालतात.

राहिली उदाहरणं आणि उत्तरांची पुस्तकं: आधी थोडं स्पष्टीकरण, मग छोटे प्रसंग, मग त्यांचं विश्लेषण. टॉर्ट्सला माझं मत याच जातीला. पण त्यांच्यातही डावं-उजवं असतं आणि ते ओळखायची खूण सांगते. समर्स विरुद्ध टाइस घ्या, कॅलिफोर्निया, १९४८. दोन शिकारी लावा पक्ष्यावर गोळी झाडतात, छर्रे तिसऱ्या सोबत्याच्या डोळ्यात आणि ओठात घुसतात, आणि डोळ्यातला छर्रा कोणाच्या बंदुकीचा ते सांगता येत नाही. कोर्टाने सिद्धतेचा भार त्या दोघांवर टाकला: मी नव्हे तो, हे तुम्हीच दाखवा. सामान्य पुस्तक हीच गोष्ट नावं बदलून परत विचारतं. चांगलं पुस्तक एक धागा ओढतं: दोघांपैकी एकाने पूर्ण काळजी घेऊन झाडली असती तर? मग भार उलटवण्याचा आधारच जातो, कारण दोघेही निष्काळजी होते यावरच तो निकाल उभा आहे. असा धागा ओढणारे प्रश्न आहेत की नाहीत, हे दुकानात उभ्याउभ्या पाच मिनिटांत कळतं.

आता लायब्ररीत जा. बहुतेक सप्लिमेंट्स रिझर्व्हला (थोड्या वेळापुरती वापरायला) ठेवलेली असतात, काहींची ऑनलाइन वर्गणी शाळेनेच भरलेली असते. मनात असलेली दोन-तीन पुस्तकं टेबलावर शेजारी ठेवा आणि सगळ्यांत पाल्सग्राफचं पान उघडा. वर्गात या केसवर एखादा आख्खा तास तरी जाईल, तेव्हा कसोटीही हीच. पाल्सग्राफ विरुद्ध लाँग आयलंड रेलरोड, न्यूयॉर्कचं सर्वोच्च अपील कोर्ट, १९२८, चार विरुद्ध तीन. सुटत्या गाडीत चढणाऱ्या प्रवाशाला रेल्वेचे कर्मचारी आधार देतात, त्याच्या हातातलं पुडकं रुळांवर पडतं, त्यात फटाके असतात, स्फोट होतो आणि प्लॅटफॉर्मवर लांब उभ्या बाईंच्या अंगावर वजनकाटा कोसळतो. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायाधीश कार्डोझो म्हणाले, या बाईंच्या बाबतीत रेल्वेची ड्यूटीच नव्हती. विरोधी मत देणारे अँड्र्यूज म्हणाले, ड्यूटी सगळ्या जगाप्रती असते, प्रश्न प्रॉक्सिमेट कॉजचा आहे. नुसतं ‘कार्डोझो जिंकले’ म्हणून पुढे जाणारं पुस्तक खाली ठेवा. एकाच अपघाताची तक्रार दोन वेगवेगळ्या खणांत ठेवता येते आणि खण बदलला की उत्तर न्यायाधीश देणार की ज्युरी, हेही बदलतं. हे जे पुस्तक समजावतं, ते टेबलावर राहू दे.

त्याच पानावर दुसरी गोष्ट तपासा: पुस्तक कोणत्या रीस्टेटमेंटच्या भाषेत बोलतं? अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटचं रीस्टेटमेंट म्हणजे कोर्टांच्या नियमांची सूत्रबद्ध मांडणी. तो स्वतः कायदा नव्हे, पण कोर्टं त्याचा आधार घेतात आणि प्रोफेसर तर घेतातच. दुसरं रीस्टेटमेंट १९६५ ते १९७९ या काळात आलं. तिसरं तुकड्यातुकड्यांनी आलं: प्रॉडक्ट्स लायबिलिटी १९९८, जबाबदारीची वाटणी २०००, शारीरिक व मानसिक इजा २०१० आणि २०१२. तिसऱ्यात ‘प्रॉक्सिमेट कॉज’ हा शब्द बाजूला सारून ‘स्कोप ऑफ लायबिलिटी’ म्हटलंय. माझी खरी फजिती इथेच झाली. मॅडम तिसऱ्याच्या बाजूच्या, माझं सप्लिमेंट सगळं दुसऱ्याच्या भाषेत. मिडटर्ममध्ये मी पुस्तकाच्या शब्दांत मन लावून उत्तर लिहिलं आणि समासात लाल शाईत एवढंच आलं: ‘हे कोणी शिकवलं?’

जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते, ती घ्यावी का? प्रकरणागणिक उत्तर वेगळं. ‘सर्वसाधारण शहाणा माणूस’ ही मोजपट्टी इंग्लंडच्या व्हॉन विरुद्ध मेनलव्हमधून १८३७ साली आली आणि आजही तीच शिकवतात. अशा प्रकरणांना जुनं पुस्तक चालतं. वाटणी आणि प्रॉडक्ट्ससाठी किमान २००० नंतरचं, स्कोप ऑफ लायबिलिटीसाठी २०१० नंतरचं बघा. लायब्ररीच्या कपाटात प्रॉसर आणि कीटन यांचा प्रसिद्ध हॉर्नबुक दिसेल, त्याची पाचवी आवृत्ती १९८४ ची आहे. वाचायला उत्तम, पण ती तारीख डोक्यात ठेवून वाचा.

प्रोफेसर अर्थशास्त्राकडे झुकणारे असतील तर आणखी एक पान तपासा: कॅरोल टोइंग, १९४७. न्यूयॉर्क बंदरातला पिठाने भरलेला बार्ज, त्यावरचा माणूस एकवीस तास गायब, बार्ज सुटून बुडतो. न्यायाधीश लर्नेड हँड यांनी काळजीचा हिशोब तीन अक्षरांत मांडला: काळजीचा बोजा बी, अपघाताची शक्यता पी, नुकसान एल. बी हा पी गुणिले एलपेक्षा कमी असूनही काळजी घेतली नाही, तर निष्काळजीपणा. शंभर डॉलरची साखळी, शेकडा एक शक्यता, वीस हजारांचं नुकसान. गुणाकार दोनशे, तेव्हा साखळी लावायलाच हवी होती. पुस्तक असे आकडे घालून दाखवतं का? आणि हे आकडे खऱ्या आयुष्यात कोणालाच नीट माहीत नसतात, ही मेख सांगतं का? धोरणावरचा प्रश्न हमखास त्या मेखेवरच येतो.

तुमचे प्रोफेसर स्थानिक कायदा विचारत असतील तर तेही बघून घ्या. वादीची थोडी जरी चूक असली तरी भरपाई शून्य, हा जुना नियम बहुतेक राज्यांनी सोडला. कॅलिफोर्नियाने तो १९७५ मध्ये कोर्टाच्या निकालाने सोडला. अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया इथे तो आहे. वॉशिंग्टन डीसीतही आहे, फक्त पादचारी आणि सायकलस्वारांच्या बाबतीत तो २०१६ च्या कायद्याने सैल केला. या राज्यांपैकी एखाद्या ठिकाणी शिकत असाल आणि सप्लिमेंटने हा नियम एका ओळीत ‘इतिहासजमा’ म्हणून निकालात काढला असेल, तर अर्थातच ते घेऊ नका.

पाकीट उघडण्याआधी फुकटचं सगळं वापरून बघा. काली (CALI) या कायदेशिक्षणाच्या संस्थेचे ऑनलाइन धडे बहुतेक लॉ स्कूल सभासद असल्याने विद्यार्थ्यांना मोफत मिळतात. लायब्रेरियनकडून कोड मागा. त्याच प्रोफेसरांकडे शिकलेल्या सीनियरची आउटलाइन मिळाली तर ती कुठल्याही छापील आउटलाइनपेक्षा सरस, फक्त सिलॅबस बदललाय का ते बघा. आणि ऑफिस अवर्समध्ये सरळ विचारा, ‘तुम्ही कोणतं सुचवाल?’ काही प्रोफेसर नावानिशी सांगतात, काही नाक मुरडतात. नाक मुरडलं तर का, ते ऐकून घ्या. ते कारण परीक्षेला उपयोगी पडतं. एआय चॅटला केसचा सारांश विचारायचा मोह मला कळतो. पण माटा विरुद्ध एव्हियान्का या प्रकरणात २०२३ साली न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या केसेस कोर्टात दाखल केल्या आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. सारांश घ्या हवा तर, पण केस आहे का, ते लेक्सिस किंवा वेस्टलॉ या निकालांच्या डेटाबेसवर उघडून पाहा. त्यांचे पासवर्ड शाळा देतेच.

विकत घ्यायची वेळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, निग्लिजन्स सुरू होताना. तोवर प्रोफेसरांची बोली कानावर बसलेली असते आणि आपल्याला नक्की काय कळत नाही तेही कळलेलं असतं. एकच घ्या. प्रकरण वर्गात झाल्यावर वाचा, आधी वाचलं तर केस वाचायचा आळस येतो. प्रत्येक प्रसंगाचं उत्तर कागदावर लिहिल्याशिवाय पान उलटू नका. मनातल्या मनात दिलेलं उत्तर नेहमी बरोबरच निघतं. नोव्हेंबरच्या मध्यानंतर कोणी कितीही छान पुस्तक सुचवलं तरी नवं आणू नका, तेवढ्या वेळात दोन जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून होतात.

आणि पुस्तक घरी आलं की त्याच दिवशी अनुक्रमणिका उघडून प्रत्येक प्रकरणापुढे सिलॅबसमधली तारीख पेन्सिलीने लिहा. ज्यांच्यापुढे तारीख पडणार नाही, ती पानं सरळ क्लिप लावून बंद करा. पुस्तक लायब्ररीचं असेल तर चिकटचिठ्ठी वापरा, क्लिपवरून मी बोलणी खाल्ली आहेत.